उगारलेला हात

अ‍ॅक्शन गेम आपल्याला आवडणार की नाही हे माझं पहिल्या दहा मिनिटांत ठरतं, आणि ते ठरवताना मी नायकाकडे फारसं बघत नाही. ग्राफिक्सकडे तर त्याहून कमी. मी बघते समोरच्या सगळ्यात फुटकळ शत्रूकडे, ज्याला गेममध्ये धड नावसुद्धा नसतं. मारण्याआधी तो काय करतो? खांदा मागे नेतो का? तलवार डोक्यावर धरून जरा रेंगाळतो का? की नुसताच येऊन चिकटतो आणि वर कोपऱ्यातली माझी लाइफ कमी होते? हा शेवटचा प्रकार असेल, तर पुढे कितीही राजवाडे, ड्रॅगन आणि वाद्यवृंद येऊ देत, माझं मन उठतं ते उठतंच.

ही खोड बघ्याच्या जागेवरून लागलेली आहे. नव्वदच्या दशकात सांगलीत आमच्या घराजवळ एक व्हिडिओ गेम पार्लर होतं. अर्धं ओढलेलं शटर, आत अंधार, उदबत्ती आणि घामाचा मिळून झालेला एक वास, भिंतीला टेकलेली मशिनं. मुलींनी तिथे जाऊ नये असं कुणी म्हणत नसे, पण जातही कुणी नसे. मी मामेभावाच्या मागे लागून जायचे. नाणी दादाची, दांडा दादाच्या हातात, बटणंही त्याचीच. माझ्याकडे फक्त डोळे. त्याचं मला आज काही वाईट वाटत नाही. खेळणाऱ्याची नजर स्वतःच्या माणसाला चिकटलेली असते. मागे उभं राहिलेल्याला अख्खा पडदा दिसतो. "दादा, मागचा धावत येतोय" हे मी त्याच्याआधी ओरडायचे. "गप गं" हे त्याचं ठरलेलं उत्तर. मग मागचा येऊन आदळायचा.

तो गेम म्हणजे मुस्तफा. पाटीवर नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स', जपानच्या कॅपकॉम कंपनीनं १९९३ मध्ये काढलेला, पण आपल्याकडे ते लांबलचक नाव घेण्याच्या फंदात कोण पडतो? चार जणांतला एक निवडायचा: जॅक, हॅना, मुस्तफा, मेस. मुस्तफा सगळ्यांत चपळ, म्हणून सगळी पोरं तोच घेणार, म्हणून गेमचं नावही तेच. हॅनाला कुणी हात लावत नसे. (मला पुढे कधीतरी खेळायला मिळालं तेव्हा मी हट्टानं हॅनाच घेतली, पण तो वेगळा विषय.)

या गेमची रचना मी आजही लोकांना समजावून सांगत बसते, इतकी ती साधी आहे. बटणं दोन: मार आणि उडी. चित्र बाजूनं दिसतं, पण रस्त्याला खोली आहे, म्हणजे माणूस वर-खालीही सरकतो. तुम्ही आणि गुंड एका ओळीत आल्याशिवाय कुणाचाच मार कुणाला लागत नाही. त्यामुळे कसलेला खेळाडू समोरून कधीच जात नाही. तो तिरका जातो, ओळीत शिरतो, दोन ठोसे देतो, सटकतो. एकटा गुंड काहीच नाही. दोघं दोन बाजूंना झाले की मरण. सगळा खेळ मग इथे येऊन थांबतो की सगळ्यांना एका बाजूला कसं ठेवायचं. आणि तरीही कोंडीत सापडलात, तर दोन्ही बटणं एकदम दाबायची. तुमचा माणूस गरकन फिरून आजूबाजूच्यांना उडवतो, पण त्याबदल्यात स्वतःची थोडी लाइफ देतो. सुटका हवी असेल तर रक्त मोजा. ही युक्ती कॅपकॉमच्याच 'फायनल फाइट'मध्ये १९८९ सालीच होती, आणि तिच्याइतका चोख व्यवहार मी नंतरच्या कितीतरी महागड्या गेममध्ये पाहिलेला नाही.

लोक म्हणतात, पार्लरचे गेम नाणी खाण्यासाठीच बनवले होते. खरंच आहे. मशीनच्या आत कठीणपणा कमी-जास्त करायची सोय असायची आणि ती मालकाच्या हातात असायची. पण या हावरेपणाची एक मजेशीर बाजू कुणी सांगत नाही. मेल्यावर पडद्यावर नऊ, आठ, सात असे आकडे उतरू लागतात. त्या नऊ सेकंदांत पोरगं खिशात हात घालणार की वळून घरी जाणार, हे एकाच गोष्टीवर ठरतं: मेलो तो माझ्या चुकीनं, की मशीननं फसवलं? "हात्तिच्या, उडी मारायला हवी होती" असं वाटलं तर नाणं पडतं. "हा काय डाव आहे" असं वाटलं तर नाही पडत. म्हणजे प्रामाणिक असणं ही त्या धंद्याची गरज होती. गुंडानं हात उगारलेला दिसलाच पाहिजे, कारण तो दिसला होता हे पोराला मेल्यावर आठवलं पाहिजे.

हात उगारणं, मार लागणं आणि मारणाऱ्यानं सावरणं, असे प्रत्येक फटक्याचे तीन भाग असतात. अ‍ॅक्शन गेम बनवणारे ते फ्रेममध्ये, म्हणजे पडद्यावर एकामागून एक बदलणाऱ्या चित्रांमध्ये मोजतात. सेकंदाला ६० फ्रेम असा बहुतेकांचा हिशेब. डोळ्यांना काही दिसल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजे १५ फ्रेम. शत्रूचा उगारण्याचा भाग याहून छोटा असला तर तुम्ही बघून काही करू शकत नाही, फक्त अंदाज बांधू शकता. याहून मोठा असला तर बघणाऱ्याला संधी आहे. सगळी कारागिरी या पाव सेकंदाच्या अलीकडे-पलीकडे चालते. (त्यात हल्लीचे टीव्ही चित्र सजवण्याच्या नादात ते दाखवायलाच उशीर करतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' नावाचं एक बटण असतं, ते चालू करा. पार्लरमधल्या जुन्या काचेच्या डबड्यांना हा रोग नव्हता.)

दुसरा भाग, मार लागण्याचा, त्यात तर निव्वळ जादूगिरी आहे. ठोसा बसला की चांगला गेम काही फ्रेमपुरता थांबतो. मारणारा आणि खाणारा दोघंही जागच्या जागी गोठतात आणि मग पुढचं चित्र सुटतं. हा थांबा काढून टाका, तेच चित्र आणि तोच आवाज असूनही हात हवेतून गेल्यासारखा वाटेल. 'सुपर स्मॅश ब्रदर्स'चे दिग्दर्शक मासाहिरो साकुराई यांनी यूट्यूबवर गेम बनवण्याविषयी छोट्या छोट्या चित्रफितींची मालिका केली, तिच्यात या थांब्यावर एक सबंध भाग आहे. मी तो भाच्याला दाखवला. तो म्हणाला, "आत्या, म्हणजे गेम मुद्दाम हँग होतो?" हो रे बाबा, मुद्दाम.

कॅपकॉमच्याच १९९१ सालच्या 'स्ट्रीट फायटर टू'मध्ये एक प्रकार योगायोगानं सापडला. गाडी फोडायच्या बोनस फेरीत चुका तपासताना निर्माते नोरिताका फुनामिझू यांच्या लक्षात आलं की नेमक्या क्षणी बटण दाबलं तर एका फटक्यातून सावरायच्या आत दुसरा बसतो. हे जमवणं फार अवघड, कुणाला साधणार नाही, म्हणून ते तसंच राहू दिलं गेलं. आज ज्याला कॉम्बो म्हणतात तो असा जन्मला. पोरांनी अर्थातच साधलं. पोरं काय वाट्टेल ते साधतात.

कॉन्ट्राबद्दल थोडंसं. टीव्ही गेमची पिवळी-काळी कॅसेट फुंकर मारून घातलेल्या पिढीला त्याची ओळख करून द्यायची गरज नाही. एक गोळी लागली की मेलात, इतका निर्दय. पण त्यातल्या गोळ्या बघा: ठसठशीत, पांढऱ्या, डोळ्यांना दिसतील इतक्या सावकाश. वर-वर-खाली-खाली करून मिळणाऱ्या ३० लाइफचा तो मंत्र कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांचा. 'ग्रॅडियस' हा गेम घरच्या मशीनसाठी तयार करताना तपासण्यापुरताही तो त्यांना स्वतःला पार होईना, म्हणून १९८६ मध्ये त्यांनी ही पळवाट घातली, आणि ती पुढे कॉन्ट्रात आली. गेम करणाऱ्यालाच गेम झेपत नाही हे मला फार दिलासा देणारं वाटतं.

आता ज्यावर माझा राग आहे तिकडे येते. २००९ मध्ये 'बॅटमॅन: अर्कम असायलम' आला. पंधरा-वीस गुंडांच्या घोळक्यात बॅटमॅन पाण्यासारखा वाहतो; दिसायला फारच सुरेख. पण गुंड मारायला आला की त्याच्या डोक्यावर चमकत्या रेघा उमटतात, आणि रेघा दिसल्या की एक ठरलेलं बटण दाबायचं. झालं. त्यानंतर गुंडाचा हात, खांदा, पाय बघायचं कारणच उरत नाही. अ‍ॅनिमेशन करणाऱ्या बिचाऱ्यांनी महिनोन् महिने घासून जे बनवलं, ते न बघता आपण डोक्यावरच्या खुणा टिपत बसतो. खेळ चांगला होता, मी पूर्ण खेळले. पण त्याच्या मागोमाग जो तो डोक्यावर खुणा लावत सुटला, आणि हाणामारी म्हणजे सिग्नल बघून गाडी सोडणं होऊन बसलं.

त्याहून मोठा अपराध आकड्यांचा. 'अ‍ॅसॅसिन्स क्रीड' मालिकेतला २०१८ चा 'ओडिसी' घ्या. प्राचीन ग्रीस इतका देखणा उभा केलाय की नुसतं होडीतून फिरावं. पण शत्रूची पातळी तुमच्यापेक्षा बरीच वर असली, तर त्याच्या पाठीत सुरा खुपसूनही तो मरत नाही. तुम्ही बरोबर वेळी बरोबर जागी होता, तरीही नाही. का, तर तुमचा आकडा कमी आहे. मग आकडा वाढवायला बारीकसारीक कामं करत हिंडा. आणि आकडा लवकर वाढावा म्हणून गेमच्याच दुकानात खऱ्या पैशांत एक बूस्टर विकायला ठेवलेला. पार्लरचा मालक परवडला. तो निदान मेल्यावर पैसे मागायचा.

मग आमच्या घरी 'सेकिरो' आला. जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअरचा, २०१९ चा, दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. याच मंडळींच्या 'डार्क सोल्स'नं २०११ मध्ये तिसऱ्या भागाला, म्हणजे सावरण्याला, पुन्हा मान मिळवून दिला होता. तिथे तलवार फिरवलीत की फिरवलीत, मध्येच विचार बदलता येत नाही. औषध प्यायचं तर तेही उभं राहून, वेळ खर्च करून. 'सेकिरो'नं पहिला भाग, उगारण्याचा, केंद्रस्थानी आणला.

यात शत्रूला दोन पट्ट्या असतात. एक लाइफची, दुसरी तोलाची. त्याचा वार येताना नेमक्या क्षणी आपली तलवार आडवी गेली की ठिणगी उडते आणि त्याचा तोल ढळतो. तोल पूर्ण गेला की एका घावात तो संपतो, मग लाइफ कितीही शिल्लक असो. तोल परत सावरतोसुद्धा. अंगात बळ असलेला शत्रू भराभर सावरतो, जखमी झालेला हळूहळू. म्हणून माघार घेऊन दम खात बसायची सोय नाही. तुम्ही लांब गेलात की तो ताजातवाना. चिकटून राहायचं, पण मारायची घाई करायची नाही. घाबरून बटण बडवत सुटलात तर नेमकेपणाची खिडकी गेम आणखी अरुंद करतो. म्हणजे धांदलीला शिक्षा आहे, आणि ती कुठेही लिहिलेली नाही, बोटांना कळते.

आणि खुणा? खूण आहे. वार अडवता येणार नसेल तेव्हा धोक्याचं एक लाल जपानी अक्षर पडद्यावर उमटतं. पण तेच एक अक्षर तीन वेगवेगळ्या हल्ल्यांना. भाला सरळ भोसकायला येत असेल तर त्याच्याच दिशेनं पुढे घुसून भाल्यावर पाय द्यायचा. पायाखालून पातं फिरत असेल तर उडी. हातांनी धरायला येत असेल तर लांब पळायचं. अक्षर फक्त सांगतं, जागे व्हा. तिघांतलं कोणतं, हे त्या माणसाच्या शरीराकडे बघूनच ठरवायला लागतं. मी पार्लरमध्ये दादाच्या मागे उभी राहून जे करत होते, त्याचा हा अख्खा गेम.

भाचा शेजारी बसून बघत होता. तो मोबाइलवर बीजीएमआय खेळणारा. काचेवर अंगठे घासत पळणं आणि गोळ्या झाडणं एकाच वेळी करणारा. आशिनाच्या किल्ल्याच्या माथ्यावर गेनिचिरोसमोर मी उभी. हा तोच गेनिचिरो, जो सुरुवातीलाच नायकाचा हात तोडतो. "आत्या, मार ना! नुसती बघत काय बसलीस?" मी म्हटलं, थांब, तो धनुष्य खाली कधी करतो ते बघू दे. "ही अ‍ॅक्शन आहे?" असं विचारून तो उठून गेला. त्याची तक्रार मला मान्य नाही, पण ती कुठून येते ते समजतं. काचेला कड नसते, बटण दाबलं गेल्याचा खटका नसतो, वर अंगठ्यानं अर्धं चित्र झाकलेलं. तिथे शत्रूचा खांदा काय दिसणार? मोबाइलच्या गेमना सतत हालचाल ठेवावी लागते, कारण थांबलात तर दिसण्यासारखं काही उरत नाही.

'सेकिरो'ला सोपी पातळी नाही, यावर तेव्हा जगभर भांडणं झाली. असायला हवी होती, असं माझं मत. फक्त ती आळसानं केलेली नसावी. बहुतेक गेम सोपं करायचं म्हणजे शत्रूच्या माराचा आकडा कमी करतात. मग उगारलेल्या हाताकडे दुर्लक्ष केलं तरी चालतं, म्हणजे ज्याच्यासाठी गेम खेळायचा तेच गेलं. २०१८ च्या 'सेलेस्ट' या डोंगर चढायच्या छोट्या गेममध्ये मदतीचा जो पर्याय आहे त्यात अख्ख्या गेमचा वेगच कमी करता येतो. ही खरी सोय. हात उगारला जाणारच, फक्त तुम्हाला तो जास्त वेळ दिसेल. सत्तरीतल्या माणसाचा पाव सेकंद आणि सतरा वर्षांच्या पोराचा पाव सेकंद सारखा नसतो, एवढं साधं आहे.

याच 'सेलेस्ट'मध्ये कड्यावरून पाय सुटल्यावरही काही फ्रेमपर्यंत उडी मारता येते. खोटेपणा आहे, पण खेळाडूच्या बाजूचा. २००७ च्या 'बायोशॉक'मध्ये शत्रूची तुमच्यावरची पहिली गोळी मुद्दाम हुकवली जायची. गोळी कानाजवळून जाते, तुम्ही वळता, आता तुम्हाला माहीत आहे तो कुठे आहे. गोळीला हात उगारता येत नाही, म्हणून त्यांनी पहिली गोळीच इशारा म्हणून खर्च केली. अशा थापा मला खुशाल माराव्यात.

आता घरचा विषय. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये 'राजी' काढला. सर्कशीत काम करणारी राजी, तिचा हरवलेला भाऊ गोलू, दुर्गेनं दिलेला त्रिशूळ, छायाबाहुल्यांसारखी उलगडणारी गोष्ट, पहाडी चित्रशैलीची आठवण करून देणारे रंग. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा प्रयत्न फसूनही त्यांनी तो पुरा केला, आणि द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाजही आले. खांबाला धरून गरकन फिरत दानवांच्या घोळक्यात उतरण्याची तिची कसरत मला मनापासून आवडली. सर्कसवाली मुलगी अशीच लढेल.

पण मार बसत नाही. त्रिशूळ लागतो, प्रकाश चमकतो, दानव मागे सरकतो, आणि हाताला काही कळत नाही. कॅमेरा इतका लांब की दानवानं काय उगारलंय ते घोळक्यात हरवून जातं. "आपल्या लोकांनी केलंय, सांभाळून घ्या" असं मला अनेकांनी ऐकवलं. सांभाळून कशाला घ्यायचं? ज्यांना छायाबाहुलीच्या एका वळणातून दुःख दाखवता येतं, त्यांना दानवाचा खांदा नक्की दाखवता येईल.

आणि शस्त्रासाठी फार लांब जायला नको. सांगली-कोल्हापूरकडच्या मिरवणुकांत मर्दानी खेळ बघितलेत का? दांडपट्ट्याची मूठ पोलादी, हात कोपराच्या दिशेनं झाकून टाकणारी. मनगट वळतच नाही. त्यामुळे प्रत्येक वार खांद्यातून, कमरेतून, सबंध अंग फिरवून काढावा लागतो, आणि फिरणं एकदा सुरू झालं की दिशा बदलायला पाय हलवावे लागतात. कुठल्याही गेम डिझायनरनं हे पाहिलं तर त्याचं अर्धं काम झालंय: उगारणं मैलावरून दिसेल असं, आणि सावरणं महाग. शिवाय विटा आहे, मनगटाला दोरीनं बांधलेला भाला. फेकायचा आणि ओढून परत घ्यायचा. फेकल्यापासून परत हातात येईपर्यंत खेळाडूच्या हातात काहीही असता कामा नये. तेवढा वेळ त्याला पळू दे, घाबरू दे, दोरी ओढू दे. आणि कृपा करून तिथे "दोरी लवकर ओढण्याचा" अपग्रेड विकायला ठेवू नका.